मूळ मार्कशीट मागणाऱ्या ब्युरोपासून लांब राहा

नर्सिंग शिकता शिकता ड्युटी शोधणाऱ्या मुलींनो, ‘फ्रेशर चालेल, वेळ तुमच्या सोयीची’ असं छापलेल्या नंबरवर फोन करण्याआधी हे वाचा. मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. फी, हॉस्टेल, मेस, वर रेल्वेचा पास. मला पार्टटाइम काम हवंच होतं, आणि लोकलच्या लेडीज डब्यात असली स्टिकरं पैशाला पासरी मिळतात.

स्टिकरवरचा नंबर निघाला एका ब्युरोचा, म्हणजे हॉस्पिटलांना आणि घरोघरी नर्स, अटेंडंट पुरवणाऱ्या एजन्सीचा. ऑफिस स्टेशनबाहेर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. भिंतीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलची तसबीर, तिला प्लॅस्टिकचा हार. ब्युरो चालवणारी बाई एकदम गोड. “बाळा, कॉलेज सुटलं की ये, आठवड्याला तीन ड्युट्या कर, परीक्षेला सुट्टी घे.” मग फॉर्मचे 500, युनिफॉर्म आणि आयकार्डचे 2,500. पावती नाही, सगळं जीपेवर, तेही बाईंच्या भाच्याच्या नावावर. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट ‘व्हेरिफिकेशनला’ ठेवून घेतल्या, आठ दिवसांत परत देतो म्हणून.

सोयीची वेळ म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ. उपनगरातलं छोटंसं नर्सिंग होम. काम सांगितलं होतं अटेंडंटचं: पेशंटची कूस बदलणं, बेडपॅन, व्हीलचेअर. तिथे पांढरा ड्रेस हातात दिला आणि ड्युटी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘स्टाफ नर्स’ लिहून मोकळे झाले. मी ते खोडून ‘अटेंडंट’ लिहिलं, मग सही केली आणि पानाचा फोटो काढला. रात्री दोनच्या सुमारास, आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) झोपलेला, तिथल्या सीनियर ताईंनी ट्रे पुढे केला. सात नंबरला आयव्ही अँटिबायोटिक सोडायचं. टेस्ट डोस (औषधाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे बघायला आधी देतात तो) दिलाय का, विचारलं, तर केसपेपरवर कोणाचीच सही नव्हती. “इथे कोण बघतंय गं?” असं उत्तर आलं. मी ट्रे जागेवर ठेवला. माझ्यासोबत त्याच ब्युरोतून आलेल्या मुलीने तो उचलला. पेशंटला काही झालं नाही, नशीब त्याचं.

पैसे खाणं हा यातला छोटा भाग. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. विद्यार्थिनी वॉर्डात असते ती कॉलेजच्या पोस्टिंगवर, ट्यूटरच्या देखरेखीखाली. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 चा आहे आणि त्यात पात्र नर्स ठेवणं बंधनकारक आहे. पात्र नर्सला पगार द्यावा लागतो, आपण स्वस्तात पडतो. पुढे महिनाअखेरीला पगार मागायला गेलं की तीच गोड बाई म्हणते, “रजिस्ट्रेशन नाही आणि सिस्टर म्हणून सह्या केल्यास, इंजेक्शनं दिलीस. कॉलेजला कळवू?” ट्रे उचललेल्या त्या मुलीची तिथेच वाचा बसली. चोर आपण नाही, पण चोरासारखं गप्प बसायचं आपण, अशी ही सोय. माझ्यावर ही मात्रा चालेना, तेव्हा “ड्युटी मध्येच सोडलीस, 4,000 भर आणि मार्कशीट ने,” असं सुरू झालं.

मी ट्यूटर मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या वगैरे नाहीत, पर्स उचलून माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. लेखी अर्ज, जीपेचे स्क्रीनशॉट, चॅट आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो दिला. फसवणुकीचं चारसोवीस कलम आता नव्या न्याय संहितेत 318 झालंय, ही माहिती ठाण्यातच मिळाली. ब्युरोत एक फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी मार्कशीट हातात, बारावीच्या कोपऱ्यावर चहाचा डाग. 3,000 रुपये आणि केलेल्या रात्रींचा पगार अजून मिळालेला नाही.

सगळे ब्युरो असे नसतात. माझ्या मैत्रिणी सुट्टीत म्हाताऱ्या माणसांकडे केअरटेकर म्हणून जातात. त्यांचा ब्युरो कमिशन रोजातून कापतो, आधी दमडी घेत नाही. हॉस्पिटलमध्येच काम हवं असेल तर रिसेप्शन, बिलिंग, मेडिकल रेकॉर्ड अशी कामं असतात, तीही आपल्या कॉलेजला विचारून घ्या. पदाचं नाव लिहिलेलं नेमणूक पत्र मिळेपर्यंत ड्रेस चढवू नका. कोणी कागद मागितले तर झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा आणि लगेच परत घ्या.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर तासाभरातच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. मार्कशीट अडकलीच असेल तर ती सोडवायला पैसे भरू नका. बोर्डाकडून दुय्यम प्रत मिळते, मुंबई विभागाचं ऑफिस वाशीला आहे. त्या दुसऱ्या मुलीने तिथेच अर्ज केलाय.