एजंटच्या ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनियर आणि आमचे ६१ लाख ५० हजार

समुद्राजवळचं जुनं घर घेताय आणि एजंट म्हणतोय "ऑडिटचं टेन्शन घेऊ नका, आपल्या ओळखीचे इंजिनियर आहेत", तर तिथल्या तिथे नाही म्हणा. मोठं लिहिणार आहे, पण ज्यांचं टोकन गेलंय आणि खरेदीखत बाकी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. गावाचं आणि विकणाऱ्याचं नाव लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, त्यामुळे अलिबाग ते मुरुडच्या पट्ट्यातलं आहे एवढंच सांगते.

घर १९८९ सालचं, आरसीसी, खाली तीन खोल्या वर दोन, मागे पडवी, रात्री समुद्राची गाज ऐकू येते इतकं जवळ. ठरले ६१,५०,०००. त्यातलं २८,००,००० होमलोन, बाकीचे कल्याणचा फ्लॅट विकून आलेले आणि बाबांच्या ग्रॅच्युइटीचे. एजंटचे २ टक्के म्हणजे १,२३,०००. स्टँप ड्युटी, नोंदणीचे ३०,०००, वकिलांची फी हे वेगळंच. आणि ज्याच्या जोरावर आम्ही सह्या केल्या त्या स्ट्रक्चरल ऑडिटचे, म्हणजे बांधकाम मजबूत आहे का या तपासणीचे, १८,५००.

हो, ऑडिट केलं होतं. "बघून न घेता घर घेतलंत का" हे मला आता नातेवाईकांकडून इतक्यांदा ऐकावं लागलंय की आधीच सांगून टाकते. नवऱ्याचाच आग्रह होता, रिपोर्ट आल्याशिवाय पुढे जायचं नाही. वकिलांकडून मालकीचा सर्च रिपोर्ट घेतला, सातबारा बघितला, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा बघितला. बँकेच्या व्हॅल्युअरने येऊन 'उर्वरित आयुष्य ३५ वर्षे' असं लिहून दिलं. सामान्य माणसाने अजून काय करायचं? घर खोदून बघायचं?

एजंटनेच इंजिनियर आणला. मुंबईहून माणूस आणाल तर जायचा यायचा खर्चच तेवढा होईल, हे इथलेच आहेत, समुद्राकाठची घरं त्यांना पाठ आहेत, असं पटवलं. इंजिनियर वयाने मोठे, बोलणं गोड, बाबांना "काका" म्हणून हात धरून जिना चढवणारे. पैसे जीपेवर घेतले, स्वतःच्या नावावर, बिल नाही, जीएसटी नको ना म्हणाले. विकणारे वर म्हणत होते ३ जून २०२० ला निसर्ग वादळ डोक्यावरून गेलं पण आमच्या घराला काही झालं नाही. अहो वादळाने पत्रे उडतात, झाडं पडतात, आतली सळई काय वादळाने गंजते का? पण ऐकायला बरं वाटतं, आणि तिथेच माणूस सैल पडतो.

तो हातोडा तुम्ही बघितला असेल, रिबाउंड हॅमर, टक टक करून काँक्रीट किती मजबूत त्याचा आकडा येतो. हा माणूस तो हातोडा थेट पेंट मारलेल्या गिलाव्यावर लावत होता. आता मला कळतंय की गिलावा काढून, काँक्रीट उघडं करून, घासूनच तो लावायचा असतो, आणि तरीही आकडा २५ टक्के इकडे तिकडे होऊ शकतो, शिवाय जुन्या काँक्रीटचं वरचं कवच कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, कडक झालेलं असतं त्यामुळे आकडा उलट चांगलाच येतो. आत सळई उरलीय की नाही हे त्या हातोड्याला कळतच नाही. हे मला त्या दिवशी कोण सांगणार होतं?

आणि मागच्या पडवीतले कॉलम. याच्यावरून माझी अजून झोप उडते. पुढच्या व्हरांड्यातले कॉलम सडपातळ, नऊ इंची. मागचे तेवढ्याच उंचीचे पण गरगरीत, आणि खाली जिथे कॉलम लादीला टेकतो तिथे नवीन गिलावा जुन्या स्कर्टिंगच्या पुढे इंचभर बाहेर आलेला. माझ्याकडे त्या दिवशीचा फोटो आहे, मी बाबांचा काढला होता, बाबा कॉलमला टेकून हसतायत आणि त्यांच्या चपलेच्या शेजारी ती बाहेर आलेली कड स्वच्छ दिसतेय. मी हात लावला तर गार लागलं, रंगाचा वास येत होता, मे महिन्यात. मी विचारलं, खोटं सांगत नाही, मी विचारलं की "सर, हे मागचे कॉलम जाड का आहेत?" ते म्हणाले, "ताई, समुद्राच्या बाजूला मुद्दाम जाड घेतात, पूर्वीचे लोक हुशार होते." आणि रंग? "इकडे दरवर्षी मारावाच लागतो, खारा वारा." आता सांगा, यावर काय बोलणार तुम्ही? खारा वारा असतोच. पैसे घेतलेला इंजिनियर तोंडावर सांगतोय, विकणाऱ्यांच्या घरातल्या मावशी कोकम सरबत घेऊन उभ्या, एजंट म्हणतोय चला वरचा मजला बघू. मी प्रश्न विचारला होता, त्यांनी ठरवून खोटं उत्तर दिलं.

रिपोर्टमध्ये सगळे आकडे छान, शेवटी 'नियमित देखभालीच्या अधीन राहून इमारत सुरक्षित'. आणि सगळ्यात शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात, 'सदर अहवाल केवळ दृश्य निरीक्षणावर आधारित'. मग हातोडा कशाला मारत होतात?

जुलैमध्ये पडवीत कपडे वाळत घालायला दोरीचा हूक लावायला सुतार आला. त्याने ड्रिल लावलं आणि कॉलमचा अख्खा पापुद्रा, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, एकदम खाली आला. थोडक्यात त्याचा पाय वाचला. आत कोंबडीजाळी, जाळीच्या मागे सिमेंटचा लगदा, आणि त्याच्या आत सळई, म्हणजे सळई म्हणायची म्हणून, बाकरवडीसारखे पदर सुटलेले, बोटाने दाबलं की तपकिरी चुरा. बारा मिमीची सळई व्हर्नियरने मोजली तर सात मिमी भरली. म्हणजे दोन तृतीयांश लोखंड गेलंय. आणि त्या जुन्या काँक्रीटमध्ये नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्या अडकलेल्या, एक नाही दोन नाही, जागोजागी. किनाऱ्याची वाळू! न धुता वापरलेली. मीठ बाहेरून आलं ते वेगळं, घर बांधलं तेव्हाच आत भरलेलं होतं.

मग नवी मुंबईहून दुसरे इंजिनियर बोलावले. ५५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ६४,९००, रीतसर बिल. त्यांनी गिलावा काढला, कोअर म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने काढून लॅबला पाठवले, सळईचा गंज कळणारी हाफ सेल टेस्ट केली, क्लोराइड म्हणजे मीठ तपासलं. काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन नावाचं रसायन मारलं, चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, आमचं रंग न बदलता तसंच राखाडी राहिलं, म्हणजे सळईला गंजापासून वाचवायची ताकद गेलेली. हाफ सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात, आमच्या मागच्या तीनही कॉलमना उणे ४१० च्या खाली. क्लोराइड घनमीटरला १.९ किलो, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा ०.६. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम १५ मिमी, आज समुद्राजवळ बांधताना ४५ ते ५० मिमी ठेवावं लागतं. त्यांनी संध्याकाळच्या आत पडवीला आणि वरच्या खोलीला लोखंडी टेकू लावायला लावले, त्याचे ३८,०००. दुरुस्तीचं एस्टिमेट १९,४०,०००, आणि त्यातही ते म्हणाले नुसते पॅच मारून चालणार नाही, खारट काँक्रीटमध्ये नवीन मसाला भरला की पॅचच्या कडेची सळई उलट जोरात गंजते.

टेकू लावायला जो गवंडी आला तो कॉलम बघून गप्पच झाला. मग म्हणाला, "वहिनी, हे एप्रिलमध्ये आम्हीच लिंपलं ना. जाळी मारा आणि भरून काढा म्हणाले." कोण म्हणाले? "साहेब. ते इंजिनियर साहेबच होते की उभे." म्हणजे ज्या माणसाने विकणाऱ्याकडून पैसे घेऊन उभं राहून झाकायला लावलं, त्यालाच आम्ही महिन्याभराने १८,५०० देऊन तपासायला बोलावलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एजंटला फोन केला तर "मॅडम मी फक्त नंबर दिला, ठरवलं तुम्ही". इंजिनियरचं व्हॉट्सॲपवर एक वाक्य, "दिसलं ते लिहिलं", मग ब्लॉक. विकणारे म्हणतात 'जसं आहे तसं' असं खरेदीखतात लिहिलंय. हे वाक्य तुमच्या मसुद्यात असेल तर आत्ताच काढायला लावा!

आता सरकारी कारभार ऐका. पोलीस स्टेशनला गेलो, दोन्ही रिपोर्ट, फोटो, जीपेची रिसीट सगळं घेऊन. ठाणे अंमलदार म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं गवंडी साक्ष द्यायला तयार आहे, ठरवून झाकलंय, ही फसवणूक नाही तर काय? "पण मॅडम, घर तर मिळालंय ना तुम्हाला?" हे वाक्य. टेकूवर उभं असलेलं घर. लेखी अर्ज द्यायला सुद्धा भांडावं लागलं, पोच देताना तारीख टाकायची विसरले म्हणे. ग्रामपंचायतीत गेलो तर आम्ही घरपट्टी घेतो, इमारत आमच्या अखत्यारीत नाही. तहसीलला गेलो तर बांधकामवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले खासगी घर आहे, आमचा संबंध नाही. लोकशाही दिनाला अर्ज केला, तो फिरून परत त्याच पोलीस स्टेशनला आला आणि तिथून उत्तर, 'सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे'. निकाली! रेरा रिसेलच्या घराला लागत नाही, त्यामुळे तो रस्ता नाहीच.

इंजिनियरचं लायसन्स रद्द करा म्हणायला गेलो तर कळलं लायसन्सच नाही. आर्किटेक्टना १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, तक्रार करता येते. इंजिनियरसाठी देशभराचं तसं काहीच नाही. महानगरपालिका आपापल्या हद्दीत स्ट्रक्चरल इंजिनियरची नोंदणी करतात, पण गावात कोणीही लेटरहेड छापावं आणि सही ठोकावी. याच जिल्ह्यात महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत पडून १६ माणसं गेली, ती तर दहा वर्षं पण जुनी नव्हती. त्याच्यानंतर तरी कोणाला वाटायला नको का की सुरक्षित म्हणून सही करणाऱ्या माणसाला कोणीतरी विचारलं पाहिजे? आमच्या पडवीत बाबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे. पडल्यावरच फौजदारी होणार का?

वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या लिहून ठेवा. संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. आणि इंजिनियरने फी घेतलीय म्हणजे ती सेवा आहे, ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. नोटिशीचे ७,५०० गेले. फी जीपेने दिली होती म्हणून निदान पुरावा आहे, कॅश दिली असती तर तेही नाही. कॅश देऊच नका.

अजून, घर पावसाळ्यात बघा. मार्च ते मे मध्ये रंगवलेलं घर दाखवत असतील तर सप्टेंबरपर्यंत थांबा म्हणा, विकणारा थांबत नसेल तर समजून जा. सगळे कॉलम टेपने मोजा, पुढचे आणि मागचे. छज्ज्याच्या खालून बघा, पाण्याच्या टाकीखालचे खांब बघा, जिन्याच्या खाली बघा, तिकडे कोणी रंग मारत नाही. भिंतीला लोणा दिसला, गिलावा वाजवून पोकळ बद्द आवाज आला की फोडून दाखवा म्हणा, परत बुजवायचा खर्च आम्ही देतो म्हणा. आम्ही म्हटलं असतं तर दोन हजारात विषय संपला असता. बँकेचा व्हॅल्युअर बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, तुमचं घर नाही. फ्लॅट घेत असाल तर सोसायटीकडे मागचं ऑडिट मागा, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या वर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं, बंगल्याला मात्र असं विचारणारं कोणी नाही. आणि मूळ बांधकाम परवानगी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, नुसत्या घरपट्टीच्या उताऱ्याने घर अधिकृत होत नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांतल्या, ना विकास क्षेत्रात पाडून परत बांधायची वेळ आली तर अधिकृत असेल तेवढंच, तेवढ्याच प्लिंथवर म्हणजे जोत्यावर बांधता येतं. आमच्या वरच्या दोन खोल्यांची परवानगी अजून सापडत नाहीये, विकणारे म्हणतात होती.

त्याच इंजिनियरने या पट्ट्यात अजून किती घरांना रिपोर्ट दिलेत माहीत नाही. ज्यांच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तळाला ते 'केवळ दृश्य निरीक्षणावर आधारित' वाक्य आहे आणि आत हातोड्याच्या आकड्यांचा तक्ता आहे त्यांनी मला मेसेज करा. वकील म्हणतायत दोन तीन तक्रारी एकत्र आल्या तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून गुन्हा नोंदवून घेता येईल, एकट्याचं पोलीस ऐकत नाहीत. गवंडीदादा साक्षीला तयार आहेत.