युनिव्हर्सिटीतला बेसिक चायनीजचा कोर्स, एक सेमिस्टर करून झाल्यावर

घ्यावा की नाही विचारत असाल तर घ्या, पण रोज तासभर देता येणार असेल तरच. पहिले काही आठवडे नुसते टोन, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, चार टोन आणि एक न्यूट्रल, 'मा' एका टोनमध्ये आई तर दुसऱ्यात घोडा, आणि 'नी हाओ' (नमस्कार) मध्ये दोन्ही तिसरे टोन असल्यामुळे पहिला बदलून दुसरा होतो हे कान तयार झाल्याशिवाय कळतच नाही.

मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे, जो वर्गात कुणी सांगितला नाही. पिनयिनमधला (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत) बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फ च्या जवळचा, तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ. झेड तर चक्क चमच्यातला च! हे लक्षात आल्यावर माझे उच्चार एकदम सुधारले.

लिपी शिकवताना मात्र घाई झाली, रॅडिकल, म्हणजे अक्षरं ज्यांपासून बनतात ते मूळ घटक, नीट न समजावता नुसत्या याद्या पाठ करायला दिल्या, खूप वाईट वाटलं. स्ट्रोकचा, म्हणजे अक्षरातल्या रेघांचा, क्रम पहिल्या दिवसापासून हातानेच गिरवा, फक्त मोबाइलवर टाइप करून अक्षर डोक्यात राहत नाही. बोलायचा सराव पण कमी मिळाला, वर्गात मुलं फार. व्याकरण सोपं वाटलं, क्रियापदाची रूपं बदलत नाहीत. पुढची लेव्हल घेतेच आहे मी.