नांगराच्या फाळाखालची नोंदवही: पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या संकेतस्थळाचे परीक्षण

तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी चांदीचे एक नाणे विकत घेतले. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातले, शर्टाच्या बटणाएवढे, जेमतेम एक ग्रॅम भरणारे, पण आकाराच्या मानाने चांगलेच जाड. इंग्लंडच्या नाणेअभ्यासात या जातीला ‘शॅटा’ म्हणतात. सोबतच्या चिठ्ठीवर नाण्याचा प्रकार, किंमत आणि ‘पूर्व इंग्लंड’ एवढाच मजकूर होता. नाणे कोणत्या गावच्या शिवारात सापडले, एकटेच होते की शेजारी आणखी काही निघाले, असे मी विक्रेत्याला लिहून विचारले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही आणि दुसऱ्याला ‘नाणे परत करायचे आहे का?’ एवढेच आले. नाणे मी ठेवून घेतले. परंतु त्या निमित्ताने ज्या सेवेकडे वळलो, तिने तेव्हापासून माझ्या रविवारच्या सकाळी ताब्यात घेतल्या आहेत. मराठीत तिच्याविषयी सविस्तर लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून हे परीक्षण.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सामान्य माणसांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणारी ही व्यवस्था १९९७ मध्ये मोजक्या भागांत सुरू झाली आणि २००३ पर्यंत सर्वत्र पोहोचली. इंग्लंडमध्ये ती ब्रिटिश म्युझियम चालवते आणि वेल्समध्ये तेथील राष्ट्रीय संग्रहालय. ठिकठिकाणी नेमलेले अधिकारी लोकांनी आणलेली वस्तू पाहतात, मोजतात, तिचे वजन करतात, छायाचित्र घेतात, सापडल्याची जागा नोंदवतात आणि बहुतेक वेळा वस्तू आणणाऱ्याच्या हाती परत देतात. संग्रहात राहते ती वस्तूची माहिती. आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची अशी माहिती जमली असून ती कोणालाही, कोठूनही, विनामूल्य पाहता येते. नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तू मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या रानांतून फिरणाऱ्या हौशी मंडळींनी आणलेल्या आहेत. अश्मयुगापासून अलीकडच्या शतकांपर्यंत सगळेच येथे सापडते, पण मी पाहतो तो आरंभीच्या मध्ययुगाचा कप्पा, म्हणजे या संकेतस्थळाच्या हिशेबाने इ. स. ४१० ते १०६६, रोमन अंमल संपल्यापासून नॉर्मन स्वारीपर्यंतचा काळ.

या काळाबद्दल लेखी पुरावा तुटपुंजा आहे आणि जो आहे तो बहुतांशी मठातल्या भिक्षूंनी लिहिलेला. शेतात हरवलेली आकडी, तुटलेला पट्टा किंवा बाजाराच्या वाटेवर पडलेले नाणे यांची दखल त्यांनी घेण्याचे कारण नव्हते. ती दखल येथे घेतलेली दिसते, आणि माझ्या लेखी या सेवेचे सगळे मोल त्यातच आहे.

एक नमुना जवळून पाहू. नवव्या शतकातल्या पट्ट्यांच्या टोकांना बसवलेली धातूची टोपणे या संग्रहात शेकड्यांनी आहेत. तांब्याच्या मिश्रधातूची, साधारण करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब, मधे किंचित फुगलेली आणि खाली निमुळती होत गेलेली. वरचे टोक दुभंगलेले असते, त्या फटीत चामड्याचे किंवा विणलेल्या पट्टीचे टोक घालून दोन रिबिटांनी आवळत. खालच्या टोकाला समोरून पाहिलेले जनावराचे तोंड असते: दोन गोल कान, टपोरे डोळे, चौकोनी नाकाड. अधिकाऱ्याने लिहिलेले वर्णन वाचताना अगोदर कंटाळा येतो, कारण प्रत्येक रेघ, प्रत्येक खाच आणि झिजलेला प्रत्येक कोपरा त्यात शब्दांत मांडलेला असतो. पण पंधरा-वीस नोंदी वाचून झाल्या की तेच वर्णन छायाचित्रापेक्षा अधिक दाखवू लागते. एका रिबिटाच्या भोकापाशी धातू फाटला आहे, असे वाक्य आले की पट्टा कसा तुटला असेल आणि मालकाच्या ते लक्षात यायला किती वेळ लागला असेल, हे आपोआप मनात येते. छायाचित्रांत मोजपट्टी असते, पुढची-मागची बाजू शेजारी-शेजारी असते, आणि श्रेय देऊन ती वापरण्याची मोकळीक आहे. भारतातल्या कितीतरी संग्रहालयांत काचेपलीकडच्या वस्तूचा फोटो काढायलाही परवानगी लागते, हे आठवून मला ही मोकळीक अधिकच जाणवली.

नाण्यांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक गंमत सापडेल. माझ्याकडचे नाणे ‘साळिंदर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचे आहे. त्याच्या एका बाजूला वळलेली जाड रेघ आणि तिच्यावर उभे राहिलेले काटे दिसतात. मूळ नाण्यावरचा मुकुटधारी चेहरा नकलेची नक्कल होत होत असा विरघळला, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. आपल्याकडच्या गधैया नाण्यांची कथाही हीच. इराणचा सासानी राजा पेरोझ याच्या पाचव्या शतकातल्या नाण्यावरचा राजाचा चेहरा आणि अग्निवेदी गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रात पोहोचेपर्यंत ठिपके आणि रेघा होऊन बसली. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन टोकांच्या टाकसाळींत चेहऱ्याची एकाच तऱ्हेने चित्रलिपी व्हावी, हे दोन्ही नाणी एका तळहातावर ठेवून पाहिल्याशिवाय पटत नाही. साळिंदर प्रकारची नाणी प्रामुख्याने आजच्या नेदरलँड्सच्या बाजूला पाडलेली असून ती इंग्लंडच्या पूर्व भागात विपुल मिळतात. नकाशावर त्यांचे ठिपके पाहिले की समुद्रापलीकडचा व्यापार कोणत्या खाड्यांतून आणि नद्यांतून आत शिरत होता, याचा अंदाज बांधता येतो. माझे नाणे त्या नकाशावर कोठेही ठेवता येत नाही.

केवळ नाण्यांमध्ये रस असेल, तर केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमचा आरंभीच्या मध्ययुगातील नाण्यांचा नोंदसंग्रह आधी पाहावा, असे मी सुचवेन. तो लहान आहे, दिसायला जुनाट आहे, पण प्रकार, राजा, टाकसाळ आणि नाणे पाडणाऱ्या कारागिराचे नाव या क्रमाने शोधणे तेथे सोपे जाते. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे बळ नाण्याच्या शेजारी काय सापडले ते दाखवण्यात आहे: त्याच परिसरातली टाचणी, त्याच परिसरातले ब्रोच, वजनाचे शिसे.

नकाशाबद्दल मात्र सावध राहावे लागते. शेतावर चोरट्यांची धाड पडू नये म्हणून सार्वजनिक नोंदीत जागा साधारण एक किलोमीटरच्या चौकोनापुरतीच दाखवतात, काही ठिकाणी तर तेवढेही नाही. नेमकी जागा नोंदणीकृत संशोधकांनाच मिळते. हे धोरण मला पूर्ण मान्य आहे. अडचण दुसरीच आहे. पूर्व अँग्लिया आणि लिंकनशायर ठिपक्यांनी गच्च भरलेले आणि पश्चिमेकडचे डोंगराळ प्रदेश जवळजवळ मोकळे पाहून नवखा माणूस असा निष्कर्ष काढेल की तिकडे वस्तीच नव्हती. प्रत्यक्षात पूर्वेकडे जमीन दरवर्षी नांगरली जाते, पीक निघाल्यावर रान मोकळे मिळते आणि डिटेक्टरवाले तेथेच जातात. पश्चिमेकडे कुरणे आहेत, माती उलटत नाही आणि वस्तू वर येत नाही. त्यात पश्चिमेच्या बऱ्याच भागांत त्या काळी धातूच्या वस्तू आणि नाणी वापरण्याचा प्रघातही कमी होता. रिकाम्या जागेचे कारण यांपैकी कोणते, हे ठिपका सांगत नाही. ही सूचना पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असावी, असे मला वाटते.

नोंदीचे महत्त्व किती, हे २०१५ मधल्या दोन शोधांतून सर्वांत स्पष्ट होते. ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळ एका डिटेक्टरवाल्याला नाणी लागताच त्याने हात आवरता घेतला आणि अधिकाऱ्यांना कळवले. निधी, म्हणजे एकत्र पुरलेला तो ठेवा, मातीच्या ढेकळासकट उचलून ब्रिटिश म्युझियममध्ये नेऊन सावकाश उकलण्यात आला. त्यात सुमारे २०० नाणी, चांदीच्या लगडी आणि दागिने निघाले. त्या काळच्या इंग्लंडमधल्या दोन शेजारी राज्यांचे राजे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ दुसरा, या दोघांनीही पाडलेली, शेजारी-शेजारी बसलेल्या दोन सम्राटांची छाप असलेली नाणी त्यात मिळाली. पुढे आल्फ्रेडच्या घराण्याच्या आश्रयाने लिहिलेल्या बखरीत या केओलवुल्फची बोळवण ‘राजाचा मूर्ख सरदार’ अशा शब्दांत केलेली आहे. नाणी मात्र दोघे राजे एकाच तोलाचे नाणे एकत्र चालवत होते, असे सांगतात. जिंकणाऱ्याने बखर लिहिताना साथीदाराला कसे वगळले, हे १,१०० वर्षांनी एका शेताने उघड केले. हा निधी २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमने १३.५ लाख पौंडांना घेतला.

त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ दोघांना असाच निधी सापडला, त्यातही याच दोन राजांची नाणी होती. पण त्यांनी तो दडवून फुटकळ विकायला काढला. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, तोवर सुमारे ३०० नाण्यांपैकी ३० च्या आसपासच पोलिसांच्या हाती लागली होती. बाकीची बरीच नाणी कोणाच्या तरी अल्बममध्ये, माझ्याकडच्यासारखी मोघम चिठ्ठी लावून, पडून असतील.

सोन्याचा झगमगाट हवा असेल, तर २००९ मध्ये हॅमरविच गावाजवळ सापडलेला स्टॅफर्डशायर निधी आहेच: सुमारे ४,६०० तुकडे, चार किलोच्या आसपास सोने, ३२ लाख ८५ हजार पौंड मूल्य. तलवारींच्या मुठींवरून ओरबाडून काढलेल्या या पत्र्यांत जागोजाग लाल गार्नेट जडवलेले आहेत. त्या काळच्या युरोपीय दागिन्यांतल्या गार्नेटांच्या रासायनिक तपासणीत पुष्कळ खड्यांचा उगम भारत आणि श्रीलंकेकडचा असल्याचे दिसले आहे. हे वाचून अभिमानाने छाती फुगवण्यापेक्षा तो खडा किती हातांतून गेला असेल, याचाच मी अधिक विचार केला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. शोध घेताना त्यांचीच परिभाषा वापरावी लागते. सर्वसाधारण शब्द टाकला की एक तर हजारो नोंदी समोर येतात किंवा एकही नाही. आरंभीच्या वर्षांतल्या अनेक नोंदी त्रोटक आहेत, काहींना छायाचित्र नाही. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या, मुख्यतः सोने-चांदीच्या, निधीची वर्दी देणे बंधनकारक आहे, बाकी सगळे ऐच्छिक. त्यामुळे एखाद्या परिसरात नोंदी जास्त असण्याचे कारण तेथला अधिकारी लोकांशी आपुलकीने वागणारा आहे, एवढेच असू शकते. शिवाय एकटे नाणे सहसा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. मर्सियाच्या केनवुल्फ राजाचे सोन्याचे नाणे २००१ मध्ये बिगल्सवेडजवळ नदीकाठी सापडले, ते लिलावात गेले, आणि शेवटी २००६ मध्ये ब्रिटिश म्युझियमला ३,५७,८३२ पौंड मोजून ते मिळवावे लागले.

आपल्याकडे अशा शोधांना अजूनही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, असे तो सांगतो. शेतकऱ्याच्या मनात यातून भीतीच उरते आणि हंडा सोनाराच्या मुशीत जातो. इंग्लंडमध्ये निधीचे मूल्य स्वतंत्र समिती ठरवते आणि ते बहुधा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. कळवण्यात तोटा नाही, हे सर्वांना माहीत असते.

तिकडे राहणाऱ्या वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. डिटेक्टर चालवायचा असेल तर जमीनमालकाची परवानगी आधी, शक्यतो लेखी घ्यावी, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय तो चालवणे गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे. स्कॉटलंडचे आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे व अधिक कडक आहेत. निधी वाटावा असे काही सापडले तर १४ दिवसांत कळवावे लागते; आणि वस्तू घरी आणून टूथब्रशने घासू नये, कारण मातीच्या त्या पुटाखालीच कधीकधी पट्ट्याच्या कापडाचे दोन-चार धागे टिकून राहिलेले असतात.