तीन मिनिटं की अख्खी रात्र?

स्की माउंटेनिअरिंग म्हणजे स्की घालून बर्फाचा डोंगर चढायचा आणि त्याच स्कीवरून सुसाट उतरायचं. यात करिअर करायचं तर वाटा मुख्यतः दोन.

पहिली स्प्रिंट. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो स्प्रिंट आणि मिश्र रिले घेऊनच. चढ जेमतेम ७०-८० मीटर, शर्यत तीनेक मिनिटांत खलास. खरी मारामारी वर पोचल्यावर: स्कीच्या तळाला चिकटवलेली, मागे घसरू न देणारी पट्टी एका झटक्यात ओढायची, सूटमध्ये कोंबायची, बुटाची टाच जखडायची. हात जरा चाचपडला की पदक गेलंच म्हणून समजा!

दुसरी लांब पल्ल्याची. स्विस सैन्याची ‘पत्रूय दे ग्लासिए’ घ्या. झेरमाट ते व्हेर्बिए, ५० किलोमीटरहून जास्त अंतर, सुमारे ४,००० मीटर चढ, तिघांचा संघ. १९४३ मध्ये सुरू झालेली ही शर्यत १९४९ ला तिघे हिमभेगेत पडून दगावल्यावर थेट १९८४ पर्यंत बंद होती. अंधारात निघायचं, हिमनदीवर एकमेकांना दोरीनं बांधून घ्यायचं. सर्वांत दमलेल्याचा वेग तोच संघाचा वेग.

टीव्ही आणि प्रायोजक स्प्रिंटकडे झुकणार, हे उघड आहे. पण या खेळातला दिग्गज, स्पेनमधल्या कतालोनियाचा किलियन जोर्नेत पिरेनीज पर्वतात, वडील सांभाळत त्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात वाढला. डोंगराची तशी जाण मला लांब शर्यतींतच दिसते. स्प्रिंट मला स्टेडियमचा खेळ वाटतो, चुरशीचा असला तरी. विशीतल्या चपळ पोरानं मात्र आधी स्प्रिंटच धरावी. लांब पल्ल्याला पस्तिशीतही उशीर होत नाही.