किटमधली तार उत्तम, ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळावा लागला

तारेपासून सुरुवात करते, कारण हॅम रेडिओच्या या अँटेना-किटमधली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे. 20 मीटरपेक्षा थोडी जास्त लांब, बारीक, काळ्या वेष्टणाची, आणि आतल्या लवचीक दोऱ्यांमुळे ताण दिला तरी न वाढणारी. डोंगरमाथ्यावर भर वाऱ्यात उभं राहून ज्यांनी तारेच्या गाठी सोडवल्या आहेत, त्यांना याचं मोल सांगायला नको. सोबत दिलेल्या फळीवर ती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायची. सोडताना एकही पीळ पडत नाही. चालत गेलं की तार आपोआप मोकळी होत जाते.

किट आहे एंड-फेड हाफ-वेव्ह अँटेनाचं, म्हणजे टोकापाशी जोडायच्या, अर्ध्या तरंगलांबीच्या तारेचं. नाव मुद्दाम देत नाही. या धाटणीची किटं बरेच जण बनवतात, आणि मी पुढे जे सांगणार आहे ते त्यातलं कुठलंही किट घेतलं तरी तपासून पाहावं असंच आहे. डबीत येतं ते एवढं: तार, फळी, अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची पेटी, केबल जोडायचं बीएनसी सॉकेट, फेराइट या चुंबकीय पदार्थाचं एक कडं, 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि हातभर एनॅमलची तार. सोल्डरिंग येणाऱ्याला दीड तासाचं काम.

तत्त्व सोपं आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेला टोकापाशी फीड दिलं, म्हणजे सिग्नल जोडला, की तिथला इंपिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) दोन-तीन हजार ओहमच्या घरात असतो. आपल्या रिगला, म्हणजे रेडिओ सेटला, हवे असतात 50. म्हणून मध्ये 49 ला 1 असा ट्रान्सफॉर्मर घालायचा: प्रायमरीला (रिगच्या बाजूला) 2 वेढे, सेकंडरीला (तारेच्या बाजूला) 14. सातचा वर्ग एकोणपन्नास, म्हणजे 2450 ओहमचे 50 होतात. 40 मीटर बँडसाठी (बँडची नावं तरंगलांबीवरून, हा 7 मेगाहर्ट्झचा) कापलेली तार 20, 15 आणि 10 मीटरवरही चालते, कारण त्या बँडवर तिच्यात अर्ध-तरंग पूर्ण संख्येने बसतात. मधोमध कोॲक्स (रिगकडे जाणारी, जाळीचं वेष्टण असलेली केबल) लटकवायची गरज नाही. एक टोक उंच बांधा, दुसरं रिगजवळ ठेवा. एकट्याने जाणाऱ्या ऑपरेटरला याहून सोयीचा अँटेना मला माहीत नाही.

माझ्याकडे 40 मीटरचा क्यूसीएक्स-मिनी हा छोटा सेट आहे. तीन बीएस170 मॉस्फेट ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले, क्लास-ई प्रकारचा ॲम्प्लिफायर, पाच वॉटच्या आसपास आउटपुट, फक्त मोर्स. धाकट्या भावाकडे त्याच मालिकेतला 20 मीटरचा सेट. आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन किटं मागवली आणि एकाच टेबलावर बसून बनवली. पेट्या एकसारख्या, वेढे एकसारखे. पण त्याची लॉगबुक (संपर्कांची नोंदवही) भरत गेली आणि माझी मात्र रिकामी.

सुरुवातीला मला वाटलं, 40 मीटरवर दिवसा गर्दी आणि गडगडाट जास्त, म्हणून होत असेल. एसडब्ल्यूआर (जुळणी किती चांगली ते सांगणारं गुणोत्तर, आदर्श 1) 1.4 दाखवत होता, म्हणजे अँटेना ठीकच असणार. माझं चुकलं ते इथेच. एसडब्ल्यूआर चांगला दिसतोय म्हणून शक्ती हवेत जातेय असं नसतं. डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआर तर एक असतो, आणि त्यातून काहीच बाहेर जात नाही.

एका संध्याकाळी मी रिगमधला डब्ल्यूएसपीआर बीकन लावून ठेवला: तो आपोआप सिग्नल पाठवतो आणि ऐकणारी स्टेशनं तो किती जोरात आला त्याचे रिपोर्ट देतात. हा मोड प्रिन्स्टनचे जो टेलर यांनी 2008 मध्ये आणला, तेच ज्यांना 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जोड-पल्सारच्या शोधासाठी विभागून मिळालं. या मोडमध्ये जवळजवळ एक मिनिट एक्कावन्न सेकंद सलग वाहक लहर जाते. मोर्समध्ये जशी ठिपके-रेषांच्या मधली विश्रांती मिळते तशी इथे नाही. तिसऱ्या ट्रान्समिशननंतर तारेचं टोक नीट करायला म्हणून मी पेटीला हात लावला, आणि ती गरम होती. नुसती कोमट नव्हे, बोट काढून घ्यावंसं वाटेल इतकी. पाच वॉटच्या रिगमधून पेटी एवढी तापतेय म्हणजे त्या पाचातले बरेच वॉट या अंगठ्याएवढ्या जागेत जळताहेत.

क्यूआरपीत, म्हणजे कमी शक्तीच्या रेडिओत, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाच वॉट आणि शंभर वॉट यांत फरक 13 डीबीचा (डेसिबल, शक्तीच्या गुणोत्तराचं माप), म्हणजे रिसीव्हरच्या एस-मीटरवर दोन एस-एककांहून थोडा जास्त. म्हणूनच छोट्या रिगवर दूरचे संपर्क होतात. पण जे गणित आपल्या बाजूने आहे तेच उलटही चालतं. शंभर वॉटवाल्याचे 2 डीबी गेले तरी त्याच्याकडे साठहून जास्त वॉट उरतात. आपले 2 डीबी गेले की आपण तीनवर येतो, आणि गोंगाटात बुडण्याच्या काठावर असलेला सिग्नल बुडतो. कमी शक्तीवर काम करायचं तर अँटेनापर्यंतची प्रत्येक वस्तू तपासलेली हवी.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, माझी पेटी तर कधी गरम लागली नाही." त्याच्या या वाक्यानेच कोडं सुटलं. तो 20 मीटरवर, म्हणजे 14 मेगाहर्ट्झवर होता, मी 7 वर. किटमधलं कडं होतं साडेबारा मिलिमीटर व्यासाचं, 43 जातीच्या फेराइटचं. त्यावर दोन वेढे घातले की प्रायमरीचा इंडक्टन्स दोन मायक्रोहेन्रीच्याही आत राहतो आणि 7 मेगाहर्ट्झला त्याची रिअॅक्टन्स (उलटसुलट प्रवाहाला वेढ्यांचा विरोध) भरते 80-90 ओहम. 50 ओहमच्या लाइनला ही समांतर पडली की बराचसा प्रवाह कोर चुंबकित करण्यातच जातो, आणि फेराइट त्याची उष्णता करतं. वारंवारता वाढली की रिअॅक्टन्सही वाढते, म्हणून 20 मीटरवर तोच ट्रान्सफॉर्मर निभावून नेतो.

दोन किटं होती म्हणून मोजणीही नीट झाली. दोन्ही ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून, म्हणजे जास्त इंपिडन्सची टोकं एकमेकांना जोडून, नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणीयंत्राच्या दोन पोर्टांमध्ये ठेवले. 7.03 मेगाहर्ट्झला 4.4 डीबी नुकसान दिसलं. दोघांत वाटलं तर प्रत्येकी 2.2. म्हणजे माझ्या पाच वॉटमधले दोन वॉट पेटीतच राहत होते. ज्यांच्याकडे एकच ट्रान्सफॉर्मर आहे त्यांनी घाईघाईने 2.4 किलोओहमचा रेझिस्टर लावून एसडब्ल्यूआर पाहू नये. त्यातून जुळणी कळते, नुकसान कळत नाही.

दुरुस्ती एका दुपारची. एफटी82-43 हे 21 मिलिमीटरचं कडं घेतलं. पेटीच्या कडा आतून थोड्या कोरल्यावर ते बसतं. वेढे 2 आणि 14 ऐवजी 3 आणि 21. गुणोत्तर तेच, पण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 7 मेगाहर्ट्झला रिअॅक्टन्स दोनशे ओहमच्या आसपास गेली. पहिले तीन वेढे प्रायमरी आणि सेकंडरी एकत्र पिळून घातले, मग सेकंडरीचे निम्मे वेढे एका बाजूला घालून तार कड्याच्या आतून पलीकडे नेली आणि उरलेले तिथे. इथे घाई करू नका. एनॅमलची तार फेराइटच्या कडेवर जोरात ओढली तर लेप खरवडला जातो. मी कड्याच्या दोन्ही कडांवर आधी बारीक सँडपेपर फिरवला. टोकांचं एनॅमल ब्लेडने गोल फिरवत काढलं, तांबं गुलाबी चमकेपर्यंत, आणि मगच सोल्डर लावला. अर्धवट खरवडलेल्या तारेवर सोल्डर वरवर बसतो आणि महिन्याभराने कोरडा जोड होतो.

भावाचा ट्रान्सफॉर्मरही तसाच गुंडाळला आणि पुन्हा मोजलं: 7.03 ला प्रत्येकी 0.7 डीबी. पाचातले सव्वाचार वॉट आता तारेपर्यंत पोचतात. पेटी डब्ल्यूएसपीआरवर अर्धा तास चालवली तरी हाताला जेमतेम कोमट लागते. जुना ट्रान्सफॉर्मर आणखी एका पेटीत घालून मी दोघांना एकाच तारेवर दहा-दहा मिनिटांनी आळीपाळीने चालवलं, एका संध्याकाळी दोन तास. एकाच स्टेशनने दोन्ही वेळा ऐकलेले रिपोर्ट जुळवले तर फरक सरासरी दीड डीबीच्या जवळ आला. आयनोस्फिअर मिनिटामिनिटाला बदलतं, तेव्हा एकट्या रिपोर्टवरून काही ठरवू नये; पण इतक्या रिपोर्टांचा कल एकाच दिशेला असेल तर मी त्यावर विश्वास ठेवते.

किटमधली दुसरी उणीव लहान आहे. माहितीपत्रकात लिहिलंय की काउंटरपॉइजची, म्हणजे ग्राउंडला जोडायच्या जोडतारेची, गरज नाही. काउंटरपॉइज नसला तर त्याचं काम कोॲक्सची जाळी करते, आणि मग आरएफ, म्हणजे रेडिओ ऊर्जा, थेट रिगपर्यंत येतं. माझ्या मोर्सच्या पॅडलला हात लावला की कीअर (ठिपके-रेषा बनवणारा भाग) स्वतःहून ठिपके सोडायचा. एका चांगल्या चाललेल्या संपर्कात माझा कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) तीनदा चुकीचा गेला आणि समोरच्याने बिचाऱ्याने धीराने पुन्हा पुन्हा विचारलं. पेटीच्या ग्राउंडला दोन मीटर तार लावून ती जमिनीवर सोडली, आणि रिगच्या बाजूला कोॲक्सचे दहा वेढे दुसऱ्या फेराइट कड्यावर घातले. त्यानंतर एकही आगाऊ ठिपका नाही. माझी कोॲक्सही बारीक, आरजी-174 जातीची आहे. 14 मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये एक डीबीहून जास्त खाते, म्हणून मी ती पाच मीटरवर आणली.

लांबीबद्दल एक सूचना. 143 भागिले मेगाहर्ट्झ केलं की 7.03 साठी 20.3 मीटर येतात, पण वेष्टण असलेली तार त्याहून थोडी कमी लागते आणि जमिनीच्या जवळ लावली तर अजून कमी. तार कापू नका. टोक मागे दुमडून स्वतःवरच पीळ द्या आणि मोजा. मी 35 सेंटिमीटर दुमडले आहेत. खांब म्हणून मासेमारीच्या काठीसारखा उघडणारा सहा मीटरचा पोल वापरते, काचतंतूचा. कार्बनचा घेऊ नका, तो विद्युतवाहक असतो.

घ्यावं का? ज्याला सोल्डरिंग येतं आणि जो 20 मीटरवर किंवा त्याच्या वर काम करतो, त्याने आहे तसं घ्यावं. 40 वर काम करणार असाल तर किट तार, फळी आणि पेटीसाठी घ्या, आणि कडं पहिल्या दिवसापासूनच मोठं घाला. बांधायला झाड किंवा जागा मुबलक असेल आणि कोॲक्सचं ओझं चालत असेल तर लिंक-डायपोल (मधोमध फीड दिलेला, जोड उघडून बँड बदलायचा अँटेना) शक्तीच्या हिशेबाने अजूनही सरस आहे, त्यात हा ट्रान्सफॉर्मरच नाही. मी उत्पादकाला मोजणीचे आलेख पाठवले. त्यांनी आपुलकीने उत्तर दिलं आणि वेढे कसे घातले त्याचे फोटो मागितले.

सध्या तारेत पेटीपासून साधारण 14 मीटरवर एक लिंक घालतेय, दोन छोटे बुलेट कनेक्टर आणि ताण घ्यायला दोऱ्याचा तुकडा. लिंक उघडली की 30 मीटर बँड मिळतो, जो मूळ तारेवर मिळत नाही. पहिल्या मोजणीत 10.1 मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर 1.6 आला. दहा सेंटिमीटर दुमडून पुन्हा बघणार आहे.