ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचं किट: कानस चालवता येत असेल तरच घ्या

मागच्या हिवाळ्यात पाच महिने मुलाकडे टेक्सासला होतो. झोपेची घडी बसायच्या आत त्याने गॅरेजमधून एक खोकं आणून पुढ्यात ठेवलं. "बाबा, दोन वर्षं पडून आहे. तुम्हीच बघा." आत १८५१च्या कोल्ट नेव्ही या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल, सुट्ट्या भागांत. काळी दारू पुढून ठासायची, मागे ठिणगी देणारी टोपी लावायची. तिकडच्या केंद्रीय कायद्यात अशी नक्कल 'अँटिक'मध्ये मोडते, म्हणून खोकं सरळ कुरिअरने घरी. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. नाशकात बसून मागवायच्या फंदात कोणी पडू नये. पोरं तिकडे असतील त्यांच्यासाठी लिहितोय.

सातपूरच्या आयटीआयत सुरुवातीला आम्हाला कानशीशिवाय काही हातात दिलं नव्हतं, पुढे एकतीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवण्यात गेली. त्यामुळे खोकं उघडल्यावर आधी सांध्यावर नख फिरवलं. अक्रोडाची मूठ पितळी फ्रेमच्या चांगली दीड मिलिमीटर बाहेर. ही चूक नव्हे, लाकूड मुद्दाम जास्त ठेवतात. घासून दोन्ही एका पातळीत आणायचं काम आपलं. नवखा इथेच फसतो. लाकूड मऊ, कानस आपोआप तिकडे झुकते आणि सांध्यालगत खड्डा पडतो. मी नाशिकहून नेलेली अर्धगोल स्मूथ कानस थोडीच वापरली, मग ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळला. दातांत पितळ अडकू नये म्हणून कानशीला खडू चोळला, तो नातवाचा निघाला, त्यावरून घरात वेगळं भांडण. चौथ्या दिवशी नख अडकायचं थांबलं. पुढचे आठ दिवस जवसाचं तेल, रोज एक हात, तळहाताने जिरवून.

पितळ २२०, ४००, ६०० नंबरच्या पेपरने घासून काढलं आणि शेवटी सूनबाईंच्या देवघरातली पितांबरी. भांडी बाजारातून ये-जा करत वाढलेल्याला पितळ कधी झालं ते सांगावं लागत नाही.

हिरमोड केला तो रंगाने. नळी काळीनिळी करायची बाटली वेगळी घ्यावी लागते. ॲसिटोनने तेलाचा अंश काढा, कापसाने लावा, धुवा, पुन्हा लावा. पाच हात देऊनही रंग ढगाळ, आणि एका जागी माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटला. आमचे टूलरूममधले पोलादी पंच अंबडला ब्लॅकोडायझिंगला जायचे: कॉस्टिक आणि नायट्रेटचं १४० अंशांच्या आसपास उकळणारं पाणी, बुडवून काढलं की सगळीकडून सारखं काळंभोर. त्यापुढे हा बाटलीतला रंग म्हणजे केसांना लावलेला कलप.

नळी अडकवून ठेवणारी पाचर इतकी घट्ट होती की पितळी तुकडा मध्ये धरून ठोकावी लागली. त्यात ही नक्कल तशी संकरितच. खरं नेव्ही ३६ कॅलिबरचं आणि लोखंडी फ्रेमचं, हे ४४चं आणि पितळी. पितळ ताणतं, म्हणून दारू बेतानेच भरायची. सिलिंडरवर मात्र टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांमधल्या १८४३च्या कॅम्पेचेच्या लढाईतली जहाजं कोरलेली आहेत, 'नेव्ही' नाव त्यावरूनच पडलं. चिरंजीव पॉलिश पेपर घेऊन तिथे पोचलेच होते, हात धरला म्हणून जहाजं वाचली.

किट तीनशे डॉलरच्या आत मिळालं होतं. तयार रिव्हॉल्व्हर फार महाग नसतं, तेव्हा पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. हाताला काम हवं असेल तर पुरेपूर वसूल.

रेंजवर पंचवीस यार्डांवरून सगळ्या गोळ्या वरच. नेम धरायची मागची साईट म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या घोड्यावरची खाच. जुन्या कोल्टची ही खोडच आहे, खाली नेम धरायचा. जळलेल्या दारूचा थर ओल धरतो, म्हणून त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवून तेल द्यावंच लागतं. धुताना वास नासक्या अंड्याचा. सूनबाईंनी बादली अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवायला लावली.

मी परत आलो. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलाने ते रिव्हॉल्व्हर दाखवलं, टोप्या बसतात त्या निपलांभोवती तांबूस ठिपके.

"धुतलं कधी?"

"बुधवारी, बाबा."

उडवलं होतं शनिवारी.