दोन लाख किलोमीटरनंतर: गाडी ठेवावी की बदलावी?

भरपूर पळालेली गाडी ठेवायची की काढायची, हे ओडोमीटरकडे बघून ठरत नाही. दोन लाखांतले बहुतेक किलोमीटर हमरस्त्यावर एका लयीत झाले असतील, तर ते इंजिन रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारून ८०,००० झालेल्या इंजिनापेक्षा तब्येतीने बरं निघू शकतं. छोट्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही. त्यात उतरलेलं इंधन आणि पाण्याचा अंश तसाच राहतो, आणि क्लच, स्टार्टर दर फेरीला झिजतात. म्हणून आधी गाडी तपासा, मग तुलनेला बसा.

गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ दिसली तर बिघडत नाही. झाकण थडथडत असेल आणि धुराचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. खात्री करायची तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) यायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा वर आला तर रिंगा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉकमधलं गॅस्केट. हा फरक निर्णायक आहे, कारण व्हॉल्व्हचं काम नुसतं हेड उतरवून होतं आणि रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं. पूर्ण इंजिनकाम निघत असेल, तर जुन्या गाडीची बाजू मीसुद्धा घेणार नाही.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक फुगारा येऊन गायब होत असेल, तर ते व्हॉल्व्ह सील. त्यापायी कोणी गाडी विकू नये. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणारी गाडीही डिपस्टिक बघून ऑइल भरत राहिलं तर चालते. फक्त जळलेल्या ऑइलमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर बाद होतो, हे धरून चाला.

इंजिनापेक्षा मी पत्र्याला जास्त घाबरतो. दाराच्या खालच्या कडेला आलेला गंज दिसायला वाईट, एवढंच. पण जॅक लावायची जागा, दाराखालचा सिल, पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचा वरचा टॉवर आणि सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) जिथे बोल्टने बसते ती जागा, या चार ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आणि टोकाने टोचून बघा. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर गाडी काढा. वेल्डिंग करायला गेलं की चांगला पत्रा सापडेपर्यंत कापतच जावं लागतं.

पत्रा आणि कॉम्प्रेशन ठीक असेल, तर खरी तुलना सुरू होते. जुनी गाडी ठेवणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे तुकड्यातुकड्याने काम करणं. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला, नुसती प्लेट घातली, आणि तीन महिन्यांनी क्रँकचा मागचा ऑइल सील गळायला लागला की तोच गिअरबॉक्स पुन्हा खाली. एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि तो सील एकत्र बदला आणि फ्लायव्हील तपासा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची लय जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टचंही तसंच: सोबत टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंप. बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग ठेवायचं की बदलायचं हा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक. गाडी ‘म्हातारी’ वाटते ती बहुतेक वेळा रबरामुळे. लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग हे सगळं एका दमात बदलून अलाइनमेंट केली, की तीच गाडी वेगळी चालते. शॉक अॅब्सॉर्बर मात्र जोडीनेच बदला.

आता दुसरं पारडं. त्याऐवजी वापरलेली गाडी घेणार असाल, तर ६०,००० ते ८०,००० किलोमीटर झालेली गाडी नेमकी क्लच, टायर आणि बेल्टच्या उंबरठ्यावर असते, हे विसरू नका. आपल्या गाडीची दुखणी निदान माहीत असतात. तिथे दुसऱ्याने टाळलेली कामं आपल्या गळ्यात पडतात.

कोऱ्या गाडीची बाजू याहून भक्कम आहे, आणि ती सुरक्षेची आहे. ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), बाजूच्या एअरबॅग आणि धडक सोसणारा सांगाडा जुन्या गाडीत मागाहून बसवता येत नाही. मागच्या सीटवर लहान मुलं आणि रात्रीचा लांबचा प्रवास नेहमीचा असेल, तर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडावा.

तरीही माझा कल जुन्याकडे झुकला, आणि त्याचं कारण ऐकायला क्षुल्लक आहे: हेडलाइटचा बल्ब. जुन्या गाडीत एच-४, ६०/५५ वॉट. बोनेट उघडा, तीन पिनांचा सॉकेट ओढा, रबरी टोपण काढा, तारेची क्लिप बाजूला करा, नवा बल्ब काचेला बोट न लावता बसवा. बोटाचं तेल काचेला लागलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. पाच मिनिटांचं काम. बऱ्याच नव्या गाड्यांत एलईडीचा अख्खा दिवा सीलबंद येतो. आतला एक भाग गेला किंवा कडेने पाणी शिरलं, की पूर्ण दिवा बदला. त्यासाठी बंपर उतरवा, त्यात दोन-चार क्लिपा तुटणार, आणि दिवा वळणासोबत फिरणारा असेल तर शेवटी स्कॅनर लावून कॅलिब्रेशन. बॅटरीचंही तेच: स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर साधी बॅटरी चालत नाही, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला कळवावी लागते. एलईडी वर्षानुवर्षं टिकतो आणि उजेडही सरस देतो, हे मान्य. पण किरकोळ बिघाड किरकोळच राहावा, ही माझ्यासारख्याची अपेक्षा तिथे पुरी होत नाही.

जुन्या गाडीचा असाच छळ म्हणजे मधूनच उगवणारा इलेक्ट्रिकल बिघाड. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होते, असं असेल तर आधी क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा) बघा. रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर गाडी लॉक करून तासभर थांबा आणि करंट मोजा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत चला, ज्या फ्यूजला आकडा पडेल तिथे चोर. इंजिन आणि बॉडीच्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट केल्या, तरी निम्मी भुतं पळतात असा अनुभव आहे. एवढं करूनही गाडी अवेळी दगा देत असेल, तर मात्र मन घट्ट करा.

आणि काढायचीच ठरली, तर विकण्याआधी क्लच आणि टायर नवे घालू नका. घेणारा त्याचे पैसे धरत नाही. बॅटरी तेवढी जिवंत ठेवा.